पाटीच्या धंद्यात नवा माणूस: पेंटर, रेडियमवाले आणि फ्लेक्सवाले

साठी ओलांडलेल्या कुठल्याही पेंटरशी धंद्याबद्दल बोलायला लागा, पाच-दहा मिनिटांत फ्लेक्सवाल्यांचा विषय निघतोच. ‘त्यांना अक्षर येत नाही’ ही पहिली तक्रार, आणि ती मनापासून केलेली असते. ऐकणाऱ्याला वाटतं, जुन्या माणसाचं हे यंत्राशी भांडण आहे. महाराष्ट्रात पाट्या कोणी, कशा रंगवल्या याचा गेल्या शंभर वर्षांचा मागोवा घेतला तर मला तसं वाटत नाही. यंत्र या लोकांनी एकदा नव्हे, अनेकदा जवळ केलं. त्यांना लागलं ते दुसरंच: धंद्यात शिरायची वाट त्यांच्या दारातून जात होती, ती बंद झाली.

ही वाट कशी होती हे समजायला कोल्हापूर बघावं. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचं मूळ आडनाव मेस्त्री. कलाशाळेत न जाता ते घरच्या कारागिरीतून घडले. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवली. दामले आणि फत्तेलाल याच मंडळींच्या हाताखाली तयार झाले. शांताराम, धायबर वगैरेंबरोबर त्यांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली तेव्हा त्यांच्यामागे प्रमाणपत्र नव्हतं, गुरूचं नाव होतं. कोण कोणाकडे शिकला, हीच त्या काळी माणसाची पात्रता.

मुंबईत याच्या जोडीला दुसरी वाट होती. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ ची, पण जाहिरातकलेचं वेगळं शिक्षण तिथे सुरू झालं ते १९३० च्या दशकात. तिथून डिप्लोमा घेऊन आलेली मुलं जाहिरात एजन्सीत जात. रस्त्यावर मात्र बॅनर रंगवणाऱ्यांचं राज्य होतं. चित्रकार एम. एफ. हुसेन याच दशकात सिनेमाची होर्डिंग रंगवून मुंबईत पोट भरत होते, तेही चौरस फुटाच्या हिशोबानं. फ्लेक्सवाल्यांनी चौरस फुटाचा दर आणून कलेची किंमत घालवली असं आज म्हटलं जातं, पण तो दर त्यांच्या कितीतरी आधीचा आहे.

उस्तादाच्या दुकानातली शिकाऊ उमेदवारी आता कोणी सविस्तर लिहून ठेवत नाही, म्हणून ती इथे नोंदवतो. पोऱ्या आला की आधी ब्रश धुणं, डबे पुसणं, चहा आणणं. मग पत्रा घासणं आणि प्रायमर मारणं. पत्र्यावर पहिला हात नीट बसला नाही तर पावसाळ्यात रंग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि गिऱ्हाईक उस्तादाच्या दारात येतं. त्यामुळे हे काम हलकं समजत नसत. त्यानंतर ‘भरणी’: उस्तादानं आखलेल्या अक्षरात रंग भरायचा, रेघेबाहेर न जाता. मग सूत मारून वरची-खालची रेघ पाडणं, खडूनं अक्षरांची जागा वाटून घेणं. टोकाला कापडाची गुंडी असलेल्या काठीवर मनगट टेकवून स्वतः आउटलाइन मारायची पाळी सगळ्यात शेवटी. ऑइल पेंटमध्ये टर्पेंटाइन किती घालायचं हे हवेवर ठरतं. उन्हात रंग ब्रशवरच आवळतो. हे कोणी तोंडानं शिकवत नसे. बघून घ्यायचं. पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात जी सही असते, ती पोऱ्यानं केलेल्या कामावरही उस्तादाचीच पडायची. स्वतःचं नाव टाकायची परवानगी मिळाली की माणूस पेंटर झाला.

देवनागरीनं हे शिक्षण आणखी लांबवलं. रोमन कॅपिटल अक्षर दोन रेघांत बसतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. दोन फूट उंचीच्या पत्र्यावर मूळ अक्षराला जेमतेम एक फूट उरतो. ‘श्रीकृष्ण स्वीट्स’ आणि ‘कमल भवन’ एकाच मापाच्या पाटीवर लिहायचे तर दोन्हींची आखणी अगदी वेगळी होते. रस्त्याच्या पलीकडून वाचता यावं म्हणून काना जाड ठेवायचा की बारीक, शिरोरेषा सलग ओढायची की अक्षरागणिक तोडायची, हे निर्णय खडू हातात असतानाच होत. ‘अक्षर येत नाही’ या तक्रारीत हे सगळं दडलेलं असतं. म्हणून ती नुसती चिडचिड म्हणून सोडून देऊ नये असं मला वाटतं.

अर्थात या पद्धतीत अन्यायही होता. बरेच उस्ताद हातचं राखून शिकवत. रंगाचं प्रमाण, काचेवर वर्ख चढवायची रीत या गोष्टी पोऱ्यासमोर करत नसत, कारण उद्या तोच शेजारच्या गल्लीत दुकान टाकेल ही भीती. ही भीती आपल्यापुरती नव्हती. अमेरिकेत डेन्व्हरमध्ये १९७५ साली तरुण साइन पेंटरांच्या एका गटानं ‘लेटरहेड्स’ नावानं एकत्र यायला सुरुवात केली. ज्येष्ठ कारागीर गुपितं सांगत नाहीत, तर आपण एकमेकांना शिकवू, असा त्यामागचा विचार. आपल्याकडे असं काही उभं राहिलं नाही, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

यंत्र आलं तेव्हा धक्का लगेच बसला नाही. संगणकाला जोडून चिकट व्हाइनिलमधून (प्लास्टिकच्या पातळ कागदातून) अक्षरं कापणारं गर्बर कंपनीचं साइनमेकर यंत्र अमेरिकेत १९८३ मध्ये आलं. आपल्या गावांत त्याच व्हाइनिलला ‘रेडियम’ नाव पडलं. सुरुवातीला रेडियम ब्लेडनं हातानंच कापत, आणि कापणारे बहुतेक पेंटरांच्याच दुकानातले पोरगे. गाडीची नंबर प्लेट, रिक्षामागचा देव, टाकीवरचं नाव ही कामं त्यांनी उचलली. उस्तादांना हे फारसं खुपलं नाही, कारण अक्षर आखायला पोरगा अजून त्यांच्याकडेच येत होता. प्लॉटर, म्हणजे असं कापणारं यंत्र, आल्यावर काहींनी तो स्वतःच्या दुकानात आणला. संगणकावर मराठी अक्षर आणण्याचं मोठं काम पुण्यात झालं: १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं भारतीय लिप्यांसाठी तंत्र तयार केलं, मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’ या फॉन्टच्या सॉफ्टवेअरनं डीटीपीवाल्यांची, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी करणाऱ्यांची, टेबलं व्यापली. आखलेलं अक्षर आता विकत मिळू लागलं. खरी फट तिथे पडली.

फ्लेक्सचा पूर आला तो २००० नंतर. पीव्हीसीच्या कापडावर मोठ्या प्रिंटरनं छापायचं, तासाभरात बॅनर तयार. दर पडत पडत चौरस फुटाला १०-१५ रुपयांवर आला. त्याआधीच भिंतींचं काम आटायला लागलं होतं. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात निवडणुकीच्या भिंतींवर कडक नजर आली, आणि १९९५ मध्ये राज्यात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा झाला. निवडणूक म्हणजे पेंटरांचा सुगीचा हंगाम. तो हातचा गेला. पुढे नंबर प्लेटही सुटली, कारण १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी कारखान्यातूनच लागू लागली.

फ्लेक्सचं दुकान टाकायला उस्ताद लागत नव्हता. मशीनसाठी कर्ज, जागा, विजेची जोडणी आणि कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येणारा एक मुलगा एवढ्यावर धंदा सुरू होत होता. जुन्या पेंटरच्या नजरेत हा नवा माणूस शिकाऊही नव्हता आणि वारसही नव्हता. त्याच्याशी बोलायला सामाईक भाषाच उरली नव्हती. चुकलेलं जोडाक्षर दाखवलं तर ‘फॉन्टमध्ये तसंच येतं’ हे उत्तर. यात फ्लेक्सवाल्या मुलाचा दोष मी धरत नाही. त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं, आणि दिवसाला पन्नास वाढदिवस छापायचे असतात. शिवाय कितीतरी फ्लेक्स दुकानं पेंटरांच्या मुलांचीच आहेत. बापाची सही बोर्डावर, मशीन आत. तिथे कडवटपणा घरातल्या घरात मुरतो, बाहेर येत नाही.

या दुराव्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते २०२३ मध्ये. दुकानांवर मराठी पाट्या लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दोन महिन्यांची मुदत दिली. नियमानुसार मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. देवनागरी पाट्यांना एवढी मोठी मागणी याआधी क्वचितच आली असेल. काम गेलं एसीपी शीट (ॲल्युमिनियमचा थर असलेले पत्रे) आणि एलईडी अक्षरं बनवणाऱ्यांकडे, आणि अनेक ठिकाणी रोमन पाटीची अक्षरं तशीच ठेवून वर मराठी दाबून बसवलं गेलं: वेलांट्या चेपलेल्या, उकार चौकटीला टेकलेले. अशा वेळी दुकानात एक जुना पेंटर नुसता आखणी तपासायला बसवला असता तरी शहरांचा चेहरा सुधारला असता.

आता तिसऱ्या प्रकारचे नवे लोक येत आहेत: कलामहाविद्यालयातून बाहेर पडलेली, हातानं लिहिलेल्या अक्षरांच्या प्रेमात असलेली मुलंमुली. कमल शेडगे यांची नाटकांची शीर्षकं, सुलेखनकार र. कृ. जोशी आणि अच्युत पालव यांचं काम बघत ती वाढली. कलाकार हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं त्या पेंटरच्याच नावानं फॉन्टमध्ये आणली, त्याचाही परिणाम आहे. कॅफे आणि स्टुडिओंच्या भिंती हे काम मागतात आणि पैसेही बरे देतात. जुने पेंटर या मुलांशी मोकळेपणानं बोलतात, कारण ती विचारायला येतात. शंका असते ती हाताच्या वेगाबद्दल आणि शिडीवर उभं राहण्याबद्दल. दोन दिवसांच्या कार्यशाळेत अक्षराचं वळण कळतं; आठ फुटांवर, उन्हात, ओल्या रंगाची रेघ एका दमात ओढणं कळत नाही.

ते कळायला वर्ष-दोन वर्षं शेजारी उभं राहावं लागतं, आणि तेवढं काम आज उस्तादाकडेच नाही. पोऱ्याला रोजची मजुरी द्यायची तर ती कुठून? काही पेंटरांनी यातून आपला मार्ग काढला आहे. कॅफेची भिंत मुलांनी मिळवायची, उस्तादाला मजुरी द्यायची, आणि कोपऱ्यात दोघांच्या सह्या टाकायच्या.