काचेच्या डोक्याचा मासा आणि त्याचे खरे डोळे

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका माशाचा व्हिडिओ आला. डोकं काचेसारखं आरपार, आत दोन हिरवे गोळे, आणि तोंडाच्या वर दोन उदास काळे डोळे. खाली ओळ होती, 'खोल समुद्रातले मासे वर येऊ लागलेत, मोठं संकट जवळ आलंय.'

आधी संकटाचं बोलू. खोलातले मासे दिसले की भूकंप होतो, ही जपानमधली जुनी समजूत. तिथल्याच संशोधकांनी असे मासे दिसल्याच्या आणि भूकंपाच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि 2019 मध्ये सांगितलं की, दोन्हींचा संबंध लागत नाही. शिवाय व्हिडिओतला मासा वर आलाच नव्हता, कॅमेराच त्याच्याकडे खाली गेला होता. असले मेसेज कृपा करून पुढे ढकलू नका, किनाऱ्यावरच्या माणसांच्या जिवाला उगीच घोर लागतो.

आता मासा. इंग्रजी नाव बॅरलआय, शास्त्रीय नाव मॅक्रोपिन्ना मायक्रोस्टोमा, म्हणजे मोठ्या परांचा आणि लहान तोंडाचा. लांबी जेमतेम 15 सेंटीमीटर. उत्तर प्रशांत महासागरात राहतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर तो 600 ते 800 मीटर खोलीवर सापडतो. आणि ते उदास डोळे म्हणजे डोळे नव्हेतच, त्या नाकपुड्या. खरे डोळे डोक्याच्या आत आहेत, ते हिरवे गोळे त्यांचेच.

बांगड्याच्या कालवणात माशाच्या डोळ्यातून एक पांढरी कडक गोळी निघते, ती लहानपणी आम्ही ताटाच्या कडेला काढून ठेवायचो. ती गोळी म्हणजे डोळ्याचं भिंग. कच्चं असताना ते स्वच्छ पारदर्शक असतं, शिजलं की अंड्याच्या बलकाभोवतीच्या भागासारखं पांढरं होतं. आपलं भिंग मसुरासारखं चपटं असतं, कारण प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम बुबुळापुढचा पारदर्शक पडदा करतो. पाण्यात तो पडदा निरुपयोगी ठरतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पाणीच असतं. म्हणून माशाचं भिंग गरगरीत गोल.

अशा गोल भिंगाची प्रतिमा त्याच्या केंद्रापासून त्रिज्येच्या साधारण अडीच पट अंतरावर पडते. समजा, अंधुक उजेड गोळा करायला 3 मिलिमीटर त्रिज्येचं भिंग हवं. मग दृष्टिपटल साडेसात मिलिमीटर मागे पाहिजे, आणि सगळा डोळा गोल ठेवला तर तो 15 मिलिमीटर रुंद होईल. असे दोन डोळे एवढ्याशा डोक्यात मावायचे कसे? उत्क्रांतीत या डोळ्याच्या बाजू गेल्या आणि मधली नळी राहिली. भिंग मोठंच राहिलं, खोलीही तेवढीच राहिली. बाजूचं दिसणं गेलं, पण दोन्ही नळ्या एकाच दिशेला रोखलेल्या असल्यामुळे भक्ष्य किती लांब आहे हे कळतं.

त्या नळ्या बहुतेक वेळ वर रोखलेल्या असतात. 600 मीटरवर सूर्याचा जो काही उजेड उरतो तो वरूनच येतो, आणि तोही निव्वळ निळा. त्यात वरून जाणारा जीव सावलीसारखा दिसतो. पण तिथले अनेक मासे आणि माकूळ पोटावरचे दिवे वरच्या उजेडाइतकेच मंद पेटवून आपली सावली पुसून टाकतात. इथे हिरवं भिंग उपयोगी पडत असावं. पिवळा जिलेटिन कागद डोळ्यांपुढे धरा, निळं आकाश काळवंडतं, हिरवं पान मात्र फारसं बदलत नाही. तसंच रंगीत भिंग वरचा निळा उजेड जास्त अडवतं. जिवांच्या दिव्यांत निळ्याबरोबर थोडा हिरवाही असतो, तो आत येतो. पार्श्वभूमी विझते आणि लपलेला दिवा उघडा पडतो. मला या माशाची ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते.

एक कोडं मात्र बरीच वर्षं सुटलं नव्हतं. 1939 मध्ये या माशाचं पहिलं वर्णन झालं, तेव्हापासून समज होता की हे डोळे वरच रोखून बसवलेले आहेत. मग पुढे असलेल्या चिमुकल्या तोंडासमोरचा घास त्याला दिसणार कसा? जाळ्यात आलेल्या माशांच्या डोक्यावरचं ते पारदर्शक कवच फाटून जायचं, त्यामुळे जुन्या चित्रांत ते नव्हतंच. मॉन्टेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या ब्रूस रॉबिसन आणि किम रायझेनबिकलर यांनी दूरनियंत्रित पाणबुडीतून जिवंत मासे पाहिले, तेव्हा द्रवाने भरलेलं ते कवच पहिल्यांदा नीट दिसलं.

त्याचं कामही त्याच्या जेवणावरून उमगतं. पकडलेल्या माशांच्या पोटात सायफोनोफोरचे, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातल्या डंख मारणाऱ्या जिवांचे, तुकडे मिळाले. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येणाऱ्या निळ्या 'ब्लू बॉटल' याच गटातल्या. पाय पडला तर काय होतं हे तिथल्या जीवरक्षकांना विचारा. खोलात त्यांचे भाऊबंद 10 मीटरहून लांब माळा बनून तरंगतात. त्यांच्या सोंडांत अडकलेले बारीक जीव हा मासा हळूच काढून घेत असावा, आणि तेवढ्यात दंशपेशींपासून डोळे त्या कवचामुळे वाचत असावेत.

एक मासा रॉबिसन आणि रायझेनबिकलर यांनी जिवंत वर आणला. जहाजावरच्या टाकीत तो काही तास जगला. आडवा असताना त्याचे डोळे वर होते. तो तोंड वर करून उभा झाला, तसे त्या नळ्या कवचाच्या आत फिरल्या आणि तोंडाच्या दिशेने रोखल्या गेल्या.