वाहन-बॅटरीचे चार्जिंग

उतरलेली वाहन-बॅटरी बाहेरच्या विजेवर पुन्हा भरण्याची क्रिया. कोल्हापुरात तिला सरळ ‘बॅटरी चार्जिंगला लावणे’ म्हणतात. उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपांत हे रोजचेच काम. गळीत हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ऊसवाहतुकीच्या गाड्यांना मात्र ते घरच्या शेडमध्येच करावे लागते, आणि चुका होतात त्या तिथे.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने 1859 मध्ये शिसे-आम्ल बॅटरी बनवली. तत्त्व आजही तेच आहे. 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे (सेल) असतात. पूर्ण भरलेली बॅटरी नुसती उभी असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामी समजावी. टोपणे उघडणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने, म्हणजे घनता मोजणाऱ्या काचेच्या नळीने, आम्लाचे पाणी ओढून पाहतात: तरंगी 1.26च्या पुढे उभी राहिली तर घर भरलेले, 1.15च्या आसपास बुडाली तर उतरलेले. पाचांत चांगले आणि एकात फार कमी आले, तर ते घर गेले. चार्जरवर किती वेळ ठेवले तरी फरक पडत नाही.

चार्जर 230 व्होल्टची वीज उतरवून एकदिश (डीसी) करतो आणि 14.4 व्होल्टच्या आसपास बॅटरीला देतो. करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवतात, म्हणजे 80 अँपिअर-तासांच्या बॅटरीला 8 अँपिअर, आणि रात्रभर. घाई करून 20 वर नेले की बॅटरी ‘उकळते’. 8 अँपिअर म्हणजे जेमतेम 115 वॉट, घरातल्या मिक्सरहूनही कमी. त्यामुळे धोका लोडचा नसतो. तो ओलीचा, अर्थिंगचा आणि वायूचा असतो.

चार्जरची पेटी बहुधा पत्र्याची असते. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून, किंवा उघड्या तारा सॉकेटात आगपेटीच्या काड्यांनी खोचून वीज घेतली की अर्थिंग उरतच नाही. आत एखादी तार पेटीला टेकली तर करंट हात लावणाऱ्यातून जमिनीत जातो, आणि जुलैत कोल्हापुरातल्या शेडची जमीन कोरडी कुठली! त्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागताच वीज तोडणारा स्विच, असावा, चार्जर जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा. वायर लांबवायचीच असेल तर गुंडाळी पूर्ण सोडावी. आकडा टाकून चार्जिंग करण्याबद्दल वेगळे सांगायला नको.

चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेटतो. हलका असल्याने छताखाली साठतो. पावसाची झड आत येऊ नये म्हणून दार-खिडक्या लावून घेतात, ही इथली सवय नेमकी याच्या उलट आहे. एक झरोका तरी वर उघडा हवा. गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळ बॅटरी लावणे म्हणजे उघड वेडेपणा.

ठिणगी पडते ती मुख्यतः चिमटे लावताना किंवा काढताना, म्हणून क्रम महत्त्वाचा. चार्जर बंद असतानाच आधी लाल चिमटा धन टोकाला. बॅटरी गाडीत असेल तर काळा चिमटा ऋण टोकाला न लावता बॅटरीपासून दूर, इंजिनच्या किंवा चासीच्या उघड्या लोखंडाला. मग स्विच. काढताना आधी स्विच बंद, मग काळा, शेवटी लाल. पान्हा दोन्ही टोकांना एकदम टेकला तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात आणि लोखंड लाल होते. हातातले कडे किंवा अंगठी आधी काढावी.

पाणी कमी असेल तर डिस्टिल्डच, तेही शक्यतो चार्जिंग झाल्यावर. आधी घरे काठोकाठ भरली तर चार्जिंगमध्ये आम्ल फुगून बाहेर सांडते. सांडलेल्यावर खाण्याचा सोडा टाकतात. सीलबंद बॅटरीला टोपण नसते, तिला जास्त व्होल्ट सोसत नाहीत. इलेक्ट्रिक दुचाकीच्या लिथियम बॅटरीला हा चार्जर लावूच नये.

2019 आणि 2021 सारख्या पंचगंगेच्या पुरात बुडालेली बॅटरी थेट चार्जरवर चढवू नये. आधी गाडीपासून सोडवून, धुऊन-वाळवून, घराघरांतले पाणी तपासून घेतात. गढूळ दिसले तर तिचा दर मोडीच्या भावानेच होतो.