प्रकाशरासायनिक धुरके

वाहनांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर ऊन पडून जमिनीलगत तयार होणारे हवाप्रदूषण. त्यातला मुख्य घटक ओझोन. तो कुठल्याही सायलेन्सरमधून बाहेर पडत नाही, हवेतच बनतो. हे कोडे १९५०च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी उलगडले.

इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रिक ऑक्साइड होतो. बाहेर आल्यावर त्याचा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. साधारण ४२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश त्यातला एक ऑक्सिजन अणू सुटा करतो. तो अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की ओझोन. एरवी नायट्रिक ऑक्साइड हा ओझोन लगेच खाऊन टाकतो. पण इंधनाच्या वाफांपासून झालेली मूलके (रेणूंचे अतिशय क्रियाशील तुकडे) त्या नायट्रिक ऑक्साइडचे आधीच डायऑक्साइड करतात. ओझोन खाणारे कमी होते आणि तो साचत जातो.

म्हणूनच नाशिकमध्ये द्वारका चौकात, ताज्या धुरात, ओझोन कमी आणि वाऱ्याच्या दिशेला काही किलोमीटरवर जास्त असू शकतो. मार्च ते मे, निरभ्र आकाश, दुपारी १ ते ४ ही त्याची वेळ. पश्चिमेचा वारा असला की शहराचा धूर निफाडच्या बागांकडे सरकतो. द्राक्षाला ओझोन सोसत नाही: गोडी छाटणीनंतरच्या (ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठी केलेली छाटणी) जुन्या पानांवर, वरच्या बाजूला, बारीक शिरांच्या मधे तपकिरी-जांभळे ठिपके येतात; खालची बाजू सुरुवातीला स्वच्छ राहते. बुरशी समजून यावर फवारणी करू नये, पैसा वाया जातो.

भारतात हवेतल्या ओझोनची मर्यादा ८ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, १ तासासाठी १८०. कापडी मास्कने हा वायू अडत नाही. दम्याच्या रुग्णांनी आणि मुलांनी दुपारचे मैदान टाळणे हाच खरा उपाय.

पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, डिझेलच्या धुराचा काळेपणा पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत, ही मोठी उणीव आहे. बीएस-६ या वाहनांच्या धुराच्या मानकाने (एप्रिल २०२०) डिझेल कारसाठी त्यांची मर्यादा किलोमीटरमागे २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आणली. पेट्रोल भरताना नोझल कट झाल्यावर राउंड फिगरसाठी आणखी ओतले, तर ते वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरते. तो डबा निकामी झाला की उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतूनही वाफा सुटत राहतात.