शाळा गावाने बांधली, गुरुजींचा पगार कोणी द्यायचा?

नैऋत्य नायजेरियातल्या प्राथमिक शाळांच्या पाट्या नीट वाचल्या, तर निम्मा इतिहास तिथेच हाती लागतो. नावाआधी 'सेंट' असेल तर शाळा मूळची मिशनची. 'एल. ए.' ही अक्षरे असतील तर ती स्थानिक प्राधिकरणाने काढलेली. इबादानच्या भागात 'आय. डी. सी.' दिसते, म्हणजे तिथली डिस्ट्रिक्ट कौन्सिल. काही पाट्यांवर मुस्लिम संस्थांची अरबी नावे आहेत. गेली पन्नासेक वर्षे या शाळांचा कारभार सरकारकडे आहे, पण पाट्या तशाच राहिल्या. गावकऱ्यांच्या लेखी ही नुसती जुनी अक्षरे नाहीत. जमीन कोणी दिली आणि भिंती कोणी उभ्या केल्या, याची ती नोंद आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. 1840च्या दशकात बडाग्री आणि अबेओकुटा इथे मिशनच्या शाळा निघाल्या. इथल्या योरुबा लोकांची भाषा रोमन लिपीत बसवली गेली आणि 1859 मध्ये अबेओकुटाहून योरुबा वृत्तपत्रही निघू लागले. शाळेत गेलेले मूल धर्म बदलून परत येईल, ही मुस्लिम आईबापांची धास्ती अनाठायी नव्हती. त्यातूनच 1923 मध्ये लागोसमध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने मुस्लिम मुलांसाठी शाळांचे जाळे विणले. मात्र मिशन काय किंवा मुस्लिम संस्था काय, शाळेचा भार बव्हंशी गावावरच असे. ओबा, म्हणजे गावचे पारंपरिक राजे, आणि कुटुंबप्रमुख जमीन देत, तरुण मंडळी मातीच्या भिंती रचत, बायका पाणी वाहत आणि पत्र्यासाठी वर्गणी निघे. मंडळी शिक्षकाच्या पगारालाही हातभार लावीत. इलेशातल्या नगरसुधारणा मंडळाने तर 1934 मध्ये स्वतःचे हायस्कूलच काढले. आधी शाळा आणि मग सरकार, असाच तिथला क्रम होता.

खरे वळण आले ते 1952 ते 1955 या तीन वर्षांत. हा भाग ज्यात येई, त्या ब्रिटिश अमलाखालच्या पश्चिम प्रांताला स्वतःचे मंत्रिमंडळ मिळून फार दिवस झाले नव्हते. जुलै 1952 मध्ये शिक्षणमंत्र्यांनी विधिमंडळापुढे योजना ठेवली, की प्रत्येक मुलाला मोफत प्राथमिक शिक्षण द्यायचे, तेही अडीच वर्षांत. आठ वर्षांचे प्राथमिक शिक्षण सहावर आणायचे ठरले. शिक्षकांसाठी दोन वर्षांची प्रशिक्षण विद्यालये भराभर उघडली गेली. कोकोच्या निर्यातीतून साठलेला पैसा हाताशी होता, पण तेवढ्याने भागणारे नव्हते. म्हणून शिक्षण आणि आरोग्यासाठी माणशी साडेदहा शिलिंगांची पट्टी बसवण्यात आली.

या पट्टीवरून प्रांत पेटला. मोफत म्हणता आणि पैसे मागता, हा विरोधकांचा सवाल कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्याला सहज पटला. अनेक ठिकाणी वसुलीला विरोध झाला आणि 1954च्या संघीय निवडणुकीत प्रांतातल्या सत्ताधारी पक्षाने आपल्याच घरात मार खाल्ला. लोकांना शाळा नको होती, असा अर्थ यातून काढणे मला मान्य नाही. तोवर हीच माणसे शाळेसाठी वर्गणी देत आली होती. त्यांचा राग होता तो पैसा गावाबाहेर जाण्यावर. वर्गणी दिली की समोर भिंत उभी राहताना दिसे. पट्टी कुठे गेली हे दिसत नव्हते.

सरकारने मात्र माघार घेतली नाही. 17 जानेवारी 1955 रोजी योजना सुरू झाली. आदल्या वर्षी प्राथमिक शाळांत सुमारे साडेचार लाख मुले होती, त्या वर्षी ती आठ लाखांवर गेली आणि 1960च्या सुमारास अकरा लाखांच्या पुढे. वर्ग भरून वाहू लागले. हजारो शिक्षक प्रशिक्षणाविना वर्गावर उभे राहिले. दर्जा घसरल्याची ओरड झाली, ती खोटी नव्हती. तरीही एका पिढीला अक्षरओळख झाली, आणि इतर प्रांतांच्या तुलनेत योरुबा भाग शिक्षणात इतका पुढे का, याचे उत्तर बरेचसे या जानेवारीत आहे. 1956ची प्रांतिक निवडणूक त्याच पक्षाने जिंकली.

'एल. ए.' शाळांची मोठी लाट याच काळातली. मिशन जिथे पोचले नव्हते किंवा मुस्लिम वस्तीला मिशन नको होते, तिथे नव्या स्थानिक परिषदांनी शाळा काढल्या. जागा आणि अंगमेहनत पुन्हा गावाचीच.

पुढे 1970च्या दशकात लष्करी राजवटींनी मिशनच्या आणि संस्थांच्या शाळा ताब्यात घेतल्या. सप्टेंबर 1976 पासून देशभर मोफत प्राथमिक शिक्षण लागू झाले. 1979 नंतर लागोस राज्याने दोन पाळ्यांची शाळा बंद करण्यासाठी लांबलचक, बुटक्या, अर्ध्या भिंतींच्या वर्गखोल्या झपाट्याने बांधल्या. टीकाकार त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणत. पण दुपारच्या पाळीत पेंगणारी मुले त्यामुळेच सकाळी शाळेत बसू लागली.

याच दशकात इफे शहराला लागून असलेल्या मोडाकेकेच्या एका साध्या प्राथमिक शाळेत जे घडले, त्याची दखल शिक्षणाच्या इतिहासात कायम घ्यावी लागते. जानेवारी 1970 पासून इफेच्या विद्यापीठाने तिथे काही वर्गांना सहाही वर्षे सर्व विषय योरुबातून शिकवले. इंग्रजी हा फक्त एक विषय होता आणि तो शिकवायला वेगळा शिक्षक होता. तुलनेसाठी ठेवलेला वर्ग रीतीप्रमाणे तीन वर्षांनी इंग्रजीकडे वळवला. योरुबातून शिकलेली मुले इंग्रजीसह कुठेच मागे पडली नाहीत, उलट बहुतेक विषयांत पुढे राहिली. 2022 मध्ये संघीय मंत्रिमंडळाने प्राथमिकची सहाही वर्षे मातृभाषेला द्यायचे ठरवले. नोव्हेंबर 2025 मध्ये देशभरच्या शिक्षण अधिकाऱ्यांच्या बैठकीत तो निर्णय रद्द झाला. कारण दिले ते मातृभाषेवर भर देणाऱ्या भागांतल्या खराब परीक्षानिकालांचे. ही बैठक भरली अकुरेत, म्हणजे योरुबा मुलखातच, मोडाकेकेपासून शंभरेक किलोमीटरवर. पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा इतक्या जवळ असताना झालेला हा निर्णय मला घाईचा वाटतो.

आता पगाराचा गुंता. शाळा सरकारी झाल्यावर शिक्षकाचा पगारही सरकारने द्यायचा, हे उघड होते. पण कोणत्या सरकारने? राज्यघटनेच्या चौथ्या परिशिष्टात प्राथमिक शिक्षणाची तजवीज आणि देखभाल ही स्थानिक परिषदेने राज्य सरकारच्या कामात 'सहभागी' होऊन करायची गोष्ट म्हटली आहे. सहभाग म्हणजे चालवणे, पैसे देणे की नुसता सल्ला, हे तिथे सांगितलेले नाही, आणि सारे भांडण याच जागी आहे. 1988 मध्ये लष्करी सरकारने प्राथमिक शिक्षणासाठी राष्ट्रीय आयोग नेमला. 1991 मध्ये तो मोडून सारा भार स्थानिक परिषदांवर टाकला. परिषदांकडे तेवढा पैसा नव्हता. पगार महिनोन्महिने थकले, संप झाले, शाळांना कुलपे लागली. 1993 मध्ये आयोग परत आणावा लागला आणि शिक्षकांचा पगार परिषदांच्या संघीय महसुलातल्या वाट्यातून वरच्या वर कापून घेण्याची पद्धत रुजली. शिक्षकांना पगार मिळू लागला, पण अनेक परिषदांच्या हाती महिनाअखेर शून्य उरे. शाळेचे छप्पर गळाले तर परिषदेकडे जाऊन उपयोग नाही, हे लोक या वर्षांत शिकले.

एप्रिल 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघीय सरकारची ही थेट कपात घटनाबाह्य ठरवली. तेच काम मग राज्यांनी स्थानिक परिषदांबरोबरच्या संयुक्त खात्यातून सुरू केले. 2004च्या मूलभूत शिक्षण कायद्याने संघीय महसुलाचे दोन टक्के शिक्षणासाठी बाजूला काढले, पण ते मिळवायला राज्याने आपला वाटा आधी भरावा लागतो. त्याच दशकात शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. त्यात पालक, माजी विद्यार्थी आणि गावातली वजनदार मंडळी बसतात. ज्या गावाने शाळा बांधली, त्यालाच पन्नास वर्षांनी सहभागासाठी निमंत्रण देण्याची वेळ आली. त्यातल्या त्यात ओशुन राज्यातला शाळेतल्या जेवणाचा कार्यक्रम मला समाधानकारक वाटतो. तिथे स्थानिक बायका भात, चवळी, कोनफळाच्या जातीचा कंद आणि अंडी असे जेवण रांधतात. माल शक्यतो आसपासच्या शेतकऱ्यांकडून येतो, त्यामुळे निदान हा पैसा तरी गावाच्या डोळ्यांसमोर खर्च होतो.

जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघीय निधी थेट स्थानिक परिषदांना देण्याचा निकाल दिला. राज्याचा कारभार चालवणाऱ्या निर्वाचित राज्यपालांनी परिषदांचा पैसा दाबून ठेवू नये, हा त्यामागचा हेतू सरळ आहे. पण निकाल येताच शिक्षकांच्या संघटनेने विचारले, की संयुक्त खाते गेले तर प्राथमिक शिक्षकांचा पगार आधी कोण बाजूला काढणार? ज्यांनी 1991 नंतरचे थकलेले महिने काढले, त्यातले बहुतेक निवृत्त झाले आहेत. संघटनेला मात्र त्या महिन्यांचा विसर पडलेला नाही. पगाराचा पैसा परिषदेच्या हाती पडण्याआधीच वेगळा काढावा, ही तिची मागणी आहे.