देवळातल्या घंटेचा नंबर

देवळात शिरताना हात उंचावून आपण जी घंटा वाजवतो, तिचा नंबर १११.२४२.१२२. हा देवस्थानच्या दाखलवहीतला नंबर नव्हे. जगभरच्या वाद्यसंग्रहालयांत जी वर्गीकरणपद्धत चालते, तिच्यात लोलक असलेल्या टांगत्या घंटेला हा आकडा पडतो, पुस्तकाच्या पाठीवर ग्रंथपालाने चिकटवलेल्या वर्गांकासारखा. डावीकडून एकेक आकडा वाचत जायचं. पहिला १ म्हणजे स्वतःच्याच अंगाने नादणारं वाद्य, चामडं नाही, तार नाही, फुंकर नाही. ११ म्हणजे ते आघाताने वाजतं, १११ म्हणजे आघात वाजवणाराच थेट करतो. पुढे उतरत उतरत पात्राचा आकार, मग घंटा, मग एकटी घंटा, मग टांगलेली, आणि शेवटच्या २ वर आतला लोलक. घंटा बाहेरून ठोकायची असती तर तिथे १ आला असता.

२००९ ते २०११ या काळात युरोपातल्या अकरा संस्थांनी एडिंबरा विद्यापीठाच्या पुढाकाराने आपली वाद्यं इंटरनेटवर एकत्र आणली. ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट म्युझियम्स ऑनलाइन’, थोडक्यात ‘मिमो’. हजारो वाद्यांचे फोटो, काहींचे आवाजही. पण ही मंडळी मांडायला बसली तेव्हा पहिला प्रश्न ग्रंथालयाचाच आला : कुठलं वाद्य कुठल्या कप्प्यात? नावावर विसंबणं कठीण. आपल्याकडचंच बघा. वारकरी ज्याला मृदंग म्हणतात तो असतो पखवाज, आणि दक्षिणेतलं मृदंगम वेगळंच. ‘पेटी’ म्हटलं की गाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हार्मोनियम येते, इतरांच्या डोळ्यांपुढे ट्रंक. एकाच देशात ही तऱ्हा, तर सहा भाषांच्या संग्रहात काय होणार? म्हणून नावाबरोबर नंबर हवा. तो त्यांनी नव्याने शोधला नाही. १९१४ सालच्या एका बर्लिनच्या यादीची डागडुजी करून २०११मध्ये वापरली. आणि त्या यादीचा माग काढत गेलं की माणूस बर्लिनहून ब्रुसेल्सला, तिथून कोलकात्याला आणि अखेर आपल्या देवगिरीच्याही पलीकडे जाऊन पोचतो.

युरोपात वाद्यांची जुनी वाटणी तीन खणांची : तारांची, फुंकायची आणि ठोकायची. वाद्यवृंदात कोणी कुठे बसायचं एवढ्यापुरती ती ठीक होती. पण जरा बोट लावलं की डुगडुगते, कारण तीन खणांना तीन वेगळ्या कसोट्या लावल्या आहेत. पहिल्यात काय वाजतं ते पाहिलं, दुसऱ्यात कशाने वाजतं, तिसऱ्यात कसं वाजवतात. मग पियानो कुठे? आत तारा आहेत, पण त्यांच्यावर हातोड्या पडतात. संतूरचंही तेच. ग्रंथालयांनी यातून आपल्या सोयीची वाट काढली. अमेरिकन ग्रंथपाल मेलविल ड्यूई यांनी १८७६ साली नावही न घालता जी ४४ पानांची दशांश वर्गीकरणाची पुस्तिका छापली, तिच्यात कला सातशेच्या कपाटात गेल्या आणि संगीत ७८०मध्ये. आजच्या ड्यूईत पट्ट्यांची वाद्यं ७८६ला एकत्र बसतात, म्हणून पियानो आणि हार्मोनियम शेजारी. बोटं कुठे पडतात हे बघून केलेली ही मांडणी. वादन शिकायचं पुस्तक शोधणाऱ्याला ती बरोबर सापडते. वाद्य हातात घेऊन बसलेल्या संग्रहालयवाल्याला मात्र तिचा काही उपयोग नाही.

ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयाला जोडून १८७७ साली वाद्यांचं संग्रहालय निघालं तेव्हा पायाला दोन संग्रह होते. एक विद्यालयाचे संचालक फेटिस यांचा. दुसरा कोलकात्याहून आला. तिथले संगीताचे अभ्यासक राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६मध्ये बेल्जियमच्या राजाला, दुसऱ्या लिओपोल्डला, शंभरेक हिंदुस्थानी वाद्यं भेट पाठवली होती. (टागोर अशा भेटी बऱ्याच राजांना पाठवत. हौस दांडगी, आणि बदल्यात येणाऱ्या मानचिन्हांचं वावडंही नव्हतं.) संग्रहालयाचे पहिले व्यवस्थापक व्हिक्टर-शार्ल माइयों. हे वाद्य बनवणाऱ्या घराण्यातले, ध्वनिशास्त्राचे जाणकार. त्यांच्यापुढे सतार, सारंगी, तबला, झांजा यांचा ढीग, आणि युरोपचे तीन खण अपुरे. १८८०मध्ये त्यांनी सूचीचा पहिला खंड काढला, त्यात चार खण होते : स्वतः नादणारी, चामड्याची, फुंकायची, तारांची. कसोटी एकच, नाद कशातून उठतो. ही चौकट टागोरांच्या लेखनातून त्यांच्यापर्यंत पोचली असं मानलं जातं, आणि आपल्याला ती ओळखायला वेळ लागत नाही. घन, अवनद्ध, सुषिर, तत.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाची सुरुवातच या चार नावांनी होते. आणि तेराव्या शतकात त्यांची सविस्तर मांडणी झाली ती देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी. शार्ङ्गदेवाचं घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आले. स्वतः शार्ङ्गदेव ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा मुख्य. दिवसा जमाखर्च आणि फावल्या वेळात ‘संगीतरत्नाकर’ असंच काही असावं, अशी माझी आपली कल्पना. पण सात अध्यायांच्या या ग्रंथात हिशेबनीस जागोजागी दिसतो खरा. सहावा अध्याय अख्खा वाद्यांचा. गीत वाद्यांतून जन्मतं, वाद्यांनी रंगतं आणि वाद्यांनीच मापलं जातं, असं तो म्हणतो. मापणारी ती टाळ-झांजांसारखी घनवाद्यं. ‘मापलं जातं’ हे सुचायला हिशेबनीसच हवा!

माइयोंचे चार खण बर्लिनच्या एरिख फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोघा संगीत-अभ्यासकांनी उचलले आणि १९१४मध्ये त्यांना ड्यूईचे दशांश आकडे जोडले. जुळणी मोठी गमतीची आहे. खण भरताचे, खणांवरचे नंबर अमेरिकन ग्रंथपालाचे. १ घन, २ अवनद्ध, ३ तत, ४ सुषिर, आणि प्रत्येकाखाली हवं तितकं खोल उतरायची सोय. पियानो अर्थात ३मध्ये, सतारीच्या चुलत्यासारखा, आणि हार्मोनियम ४मध्ये, कारण तिथे वाजते ती हवा. वाजवण्याची तऱ्हा त्यांनी सोडून दिली नाही, पण तिला खण न देता शेपटी दिली. व्हायोलिन ३२१.३२२-७१, यातलं शेवटचं ७१ म्हणजे गजाने. एका आकड्यात सगळं कोंबण्यापेक्षा एकेक बाजू सुटी ठेवून जोडायची, ही युक्ती ग्रंथालयांत पुढे १९३३ साली मद्रासच्या रंगनाथन यांनी आपल्या कोलन पद्धतीत पुरती पसरून दाखवली. आज एखाद्या वेबसाइटवर डावीकडच्या चौकोनांत टिकमार्क करत आपण यादी लहान करत जातो, ती चाल हीच.

१९३३ हे साल हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघांनाही भोवलं. नाझी सत्तेवर आले, दोघांच्या नोकऱ्या गेल्या आणि दोघांनी देश सोडला. यादी मात्र टिकली. १९६१मध्ये ती इंग्रजीत आली आणि मग सगळीकडे पसरली. दरम्यान विजेवर वाजणारी वाद्यं आली, त्यांच्यासाठी पाचवा खण काढावा लागला. भरताला हे सुचायचं कारण नव्हतं.

आता चौंडकं घ्या. यल्लम्माच्या जोगत्यांच्या काखेत असतं ते. लाकडाचं पोकळ पिंप, तळाला चामडं मढवलेलं, चामड्याच्या मधोमध आतून अडकवलेली तार. डाव्या हाताने तार ताणून धरायची, उजव्याने छेडायची, आणि ताण कमीजास्त केला की आवाज हेलकावे खात वरखाली होतो. याला तत म्हणाल की अवनद्ध? छेडतात ती तार, पण दणदणतं चामडं. बर्लिनच्या दोघांनी बंगालचं गोपीयंत्र आणि आनंदलहरी ही याच जातीची वाद्यं पाहिली होती आणि त्यांच्यासाठी २२ नंबरचा खास खण केला : छेडायचे ढोल. पुढच्या अभ्यासकांनी हरकत घेतली, की स्वर ठरतो तो तारेच्या ताणाने, चामडं नुसतं तो मोठा करतं, तेव्हा हे सरळ तंतुवाद्य. शाहिराच्या मागे वाजणाऱ्या तुणतुण्याचा घोळही तोच, फक्त तिथे तार कडेच्या दांडीवरच्या खुंटीला बांधलेली. आपल्याकडे त्याला आधीपासून तंतुवाद्यच म्हणतात. त्यासाठी कोणाला बर्लिनला विचारायला जावं लागलं नाही.

फळीवर पुस्तक एकाच जागी ठेवता येतं, म्हणून ग्रंथपालाला निर्णय घ्यावाच लागतो. पडद्यावर तशी अडचण नाही, चौंडकं दोन्ही खणांत दाखवलं तरी जागा अडत नाही. तरी नोंद करणाऱ्याला एक नंबर पक्का करावा लागतोच, नाहीतर एकाच वाद्याच्या दोन संग्रहालयांतल्या नोंदी एकमेकींना कधी भेटायच्याच नाहीत. दुसऱ्या खणातून येणाऱ्यासाठी मग जुनाच इलाज, कार्डांच्या लाकडी खणातला, वरच्या कोपऱ्यात टाचणीचं भोक असलेल्या पिवळट कार्डावरचा :

तंतुवाद्ये. हेही पाहा : चौंडके, तुणतुणे.