इन्सुलिन व त्याचा ग्राही : रेणवीय बंधन

स्वादुपिंडातील बीटा पेशींत तयार होणारे इन्सुलिन रक्तावाटे यकृत, स्नायू व मेदपेशींपर्यंत पोहोचते आणि पेशीपटलावरील ठरावीक प्रथिनाला, म्हणजे ग्राहीला, जोडले जाते. रक्तातील साखर पेशीत घेण्याचा निरोप या जोडणीतूनच आत जातो.

इन्सुलिन लहान प्रथिन आहे. २१ अमिनो आम्लांची ए साखळी आणि ३० अमिनो आम्लांची बी साखळी गंधकाच्या दोन बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. बीटा पेशींत साठवताना जस्ताच्या अणूंभोवती सहा रेणूंचा समूह बनतो. रक्तात तो विरळ होताच सुटतो आणि सुटा रेणूच ग्राहीला जोडला जातो. या समूहाची त्रिमितीय रचना डोरोथी हॉजकिन यांच्या ऑक्सफर्डमधील गटाने १९६९ मध्ये क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडली. एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञ त्या गटात होते.

ग्राही बराच मोठा आहे. त्याच्या दोन अल्फा साखळ्या पेशीबाहेर असतात, तर दोन बीटा साखळ्या पटल भेदून आत जातात. इन्सुलिन जोडलेले नसताना बाहेरच्या भागाचा आकार इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारखा दिसतो.

हे बंधन शिकवताना कुलूप-किल्लीचा दाखला हमखास दिला जातो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये तो विकरांसाठी (एन्झाइमांसाठी) वापरला होता. इन्सुलिनच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो, कारण येथे जोडणी होताना दोघांचाही आकार बदलतो. सुट्या इन्सुलिनमध्ये बी साखळीचे शेपूट, म्हणजे शेवटचा भाग, रेणूच्या गाभ्याला चिकटून असते आणि ए साखळीच्या सुरुवातीची काही अमिनो आम्ले त्याखाली झाकली जातात. ग्राहीजवळ हे शेपूट बिजागरीवर फिरावे तसे बाजूला होते. उघड्या पडलेल्या जागेत ग्राहीचा एक छोटा सर्पिल तुकडा येऊन बसतो. हा तुकडा एका अल्फा साखळीच्या टोकाचा असतो आणि दुसऱ्या अल्फा साखळीच्या पहिल्या खंडावर टेकलेला असतो. बी साखळीतील २४ व्या स्थानाचे फेनिलअलानीन हे अमिनो आम्ल शेजारच्या जलविरोधी खोबणीत शिरते. पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या अशा पृष्ठभागांची घट्ट जवळीक हाच या बंधनाचा मुख्य आधार. गंधकाच्या बंधासारखा कायमचा दुवा येथे तयार होत नाही, म्हणून इन्सुलिन पुन्हा सुटूही शकते. ही रचना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि एक जुने कोडे सुटले.

ते कोडे रुग्णांमुळे पडले होते. जपानमधील वाकायामा येथे रुग्णांत सापडलेल्या इन्सुलिनच्या एका प्रकारात ए साखळीच्या तिसऱ्या स्थानी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसिन असते. फरक एका कार्बनचा, पण ग्राहीशी असलेली आसक्ती, म्हणजे जोडले जाण्याची ओढ, शंभराहून अधिक पटींनी घटते. हे स्थान तर शेपटाखाली झाकलेले. मग ते ग्राहीला लागते कसे? शेपूट हलते हे कळल्यावरच त्याचा उलगडा झाला. शेपूट मिटलेले असण्याचाही उपयोग आहे : त्याच पृष्ठभागाने इन्सुलिनचे दोन रेणू साठवणीत एकमेकांना चिकटतात आणि रेणू टिकून राहतो. साठवण आणि कार्य या दोन्हींसाठी एकच भाग वापरणारी ही रचना प्रथिनशास्त्रातील अत्यंत सुंदर रचनांपैकी एक म्हणावी लागेल.

कोनस जिओग्राफस ही समुद्री शंखगोगलगाय माशांना सुस्त करण्यासाठी विषात स्वतःचे इन्सुलिन सोडते. त्याला हे शेपूटच नाही, त्यामुळे समूह बनत नाही आणि परिणाम चटकन होतो. तरीही ते मानवी ग्राहीला जोडले जाते.

ग्राहीवर बंधनाची आणखी एक जागा आहे. नमुना अतिशय थंड गोठवून पाहणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती स्पष्ट दिसली. इन्सुलिन भरपूर असताना एका ग्राहीला चार रेणूही जोडलेले आढळतात आणि ग्राहीचा आकार टी अक्षरासारखा होतो. या हालचालीने पटलाआतील बीटा साखळ्या जवळ येतात, एकमेकींच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात आणि पुढची प्रथिने कामाला लागतात. शेवटी ग्लुकोजची वाहक प्रथिने स्नायू व मेदपेशींच्या पटलावर येतात.

मधुमेहावरील झटपट इन्सुलिन याच ज्ञानावर आधारलेली आहेत. त्यांपैकी लिस्प्रो या इन्सुलिनमध्ये बी साखळीच्या २८ व २९ व्या स्थानांवरील प्रोलिन आणि लायसिन यांची अदलाबदल केलेली असते. त्यामुळे रेणूंच्या जोड्या सहज सुटतात आणि टोचल्यावर औषध लवकर रक्तात उतरते. ग्राहीला जोडला जाणारा भाग जवळजवळ तसाच राहतो.