द्राक्षं धुतली, पण विहिरीचं काय?

जानेवारी-फेब्रुवारीत तासगाव-मिरज पट्ट्यातल्या बागा तोडणीला येतात आणि सांगलीच्या रस्त्यांवर द्राक्षांचे गाडे लागतात. घरी आणलेले घड आपण मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतो आणि निर्धास्त होतो. मण्यांवरचा पांढुरका थर पाहून बरेच जण घाबरतात; तो बहुतेक वेळा द्राक्षाचा स्वतःचा मेणाचा पापुद्रा असतो. काळजी करायची ती न दिसणाऱ्या अंशाची. काही औषधं सालीवरच राहतात, ती धुण्याने बरीचशी निघतात. पण आंतरप्रवाही औषधं पानांतून, मुळांतून वेलीच्या रसात उतरतात आणि गरापर्यंत पोचतात. ती नळाखाली धरून जात नाहीत.

२०१० साली हे आपल्या बागायतदारांनी फार महागात शिकलं. क्लोरमेक्वॉट क्लोराइड हे वेलीची वाढ आवरणारं संजीवक. त्याचे अंश युरोपात सापडले आणि भारतीय द्राक्षांचा माल तिथे अडकला. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. त्यानंतर निर्यातीच्या बागांची तपासणी आणखी काटेकोर झाली: बागेची नोंदणी, मालाचा नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, मगच कंटेनर. सांगली-मिरजेच्या गाड्यावर येणाऱ्या प्रत्येक घडामागे मात्र असा अहवाल नसतो. आपल्या मुलांच्या ताटाला युरोपातल्या ताटापेक्षा कमी काळजी का मिळावी, हा प्रश्न मला मनापासून छळतो.

यावर उपाय म्हणून अनेक जण सेंद्रिय, म्हणजे रासायनिक खतं-औषधांविना पिकवलेल्या, अन्नाकडे वळतात. त्यात जीवनसत्त्वं जास्त असतात असं सर्रास सांगितलं जातं. त्याला भक्कम आधार नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी शेकडो अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पोषणमूल्यांत मोठा फरक दिसला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा आढळले. २०१४ च्या ब्रिटनमधल्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू जवळपास निम्मा निघाला. काही स्फुरदयुक्त खतांच्या मूळ खडकातच कॅडमियम असतं, तिथून ते जमिनीत उतरतं. अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये मुलांना काही दिवस सेंद्रिय आहार दिला, तेव्हा ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या काही कीटकनाशकांच्या खुणा त्यांच्या लघवीत लगेच घटल्या. म्हणजे आपल्या ताटापुरता फायदा आहे, तो मुख्यतः विषाचा भार कमी होण्याचा.

पण माझ्या मते खरा मुद्दा ताटाच्या अलीकडे, शेतात आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की डाऊनी हा बुरशीसारखा रोग येतो आणि फवारणीवर फवारणी सुरू होते. ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, चालवणाऱ्याच्या अंगावर तुषार बसतात. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तो वाचून हातमोजे आणि मास्क घालणारे किती दिसतात? उकाड्यात ते घालणं नकोसं होतं हेही खरं. दुसऱ्या दिवशी त्याच ओळींत बायका काडी बांधायला, फुटवे काढायला जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ग्राहकाने खाल्लेला अंश सूक्ष्म असतो, फवारणाऱ्याच्या छातीत जातो तो नव्हे.

आता विहिरीकडे. ऊस-द्राक्षाला ओतलेल्या युरियात ४६ टक्के नत्र. जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार; माती त्याला धरून ठेवत नाही. पिकाने उचललं नाही ते जादा पाण्याबरोबर खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा. त्यावर गेलं की वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. शेणखत, ताग-धैंचा यांसारखी हिरवळीची खतं किंवा शेतातच कुजवलेलं पाचट यांतलं नत्र जिवाणू हळूहळू सोडतात, त्यामुळे एकदम निसटून जाण्याची शक्यता कमी. शिवाय सेंद्रिय कर्ब वाढला की माती भुसभुशीत होते, पाणी धरते. कृष्णाकाठची क्षारपड, म्हणजे क्षार साचून नापीक झालेली जमीन, मात्र नुसत्या शेणखताने सुधारणार नाही; तिचं मूळ बेसुमार पाण्यात आणि तुंबलेल्या निचऱ्यात आहे.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असंही नाही. सेंद्रिय द्राक्षातही बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मर्यादेत चालतं आणि त्यातलं तांबं मातीत साठत जातं. उत्पादनही बहुधा घटतं, द्राक्षात तर जोखीम मोठी. हळदीचं गणित त्यामानाने सोपं: कंदकुजीवर ट्रायकोडर्मासारखी उपयोगी बुरशी आपले शेतकरी आधीपासूनच वापरतात. बेदाण्याचा रंगही पाहून घ्यावा. लख्ख पिवळा रंग बरेचदा गंधकाच्या धुरीचा असतो आणि त्यातून राहणारे सल्फाइट काही दमेकऱ्यांना त्रास देतात. धुरीविना वाळवलेला बेदाणा अनेकदा तपकिरी दिसतो. रंग पाहून तो बाजूला सारू नका.

विकत घेताना ‘सेंद्रिय’ या पाटीवर विसंबू नये. पाकिटावर ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालाचं चिन्ह पाहावं. रासायनिक शेती सोडल्यावर प्रमाणपत्र मिळेपर्यंत साधारण दोन-तीन वर्षं जातात. त्या काळात उत्पादन घटलेलं असतं आणि माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. कित्येक शेतकरी इथेच माघार घेतात. अशा बदलाच्या काळातल्या मालासाठी ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ हे वेगळं चिन्ह आहे. ते असलेली हळद, गूळ किंवा भाजी दिसली तर दोन पैसे जास्त देऊन जरूर घ्या, कारण शेतकऱ्याला गिऱ्हाइकाची सर्वांत जास्त गरज याच वर्षांत असते.